बावीस शब्दांचं अंतर

बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठात मार्क ब्रिसबार्ट नावाचे मानसशास्त्राचे प्राध्यापक आहेत. माणूस मनातल्या मनात किती वेगाने वाचतो, या प्रश्नावर वेगवेगळ्या लोकांनी केलेले १९० अभ्यास त्यांनी गोळा केले, त्यांतल्या अठरा हजारांवर वाचकांचा हिशेब एकत्र मांडला आणि २०१९ साली सांगितलं, की इंग्रजी वाचणारा साधारण प्रौढ माणूस कथा-कादंबरी मिनिटाला २६० शब्दांच्या वेगाने वाचतो आणि शास्त्र, इतिहास असा माहितीचा मजकूर २३८ शब्दांच्या वेगाने. दोहोंत अंतर बावीस शब्दांचं. हा आकडा वाचला आणि मी बराच वेळ त्याच्याकडे नुसती पाहत राहिले. बावीस शब्द म्हणजे काय हो? आमच्याकडच्या लग्नपत्रिकेत कुलस्वामिनीच्या कृपेपासून नवरदेवाच्या नावापर्यंत पोचेतो तेवढे शब्द सहज खर्ची पडतात, आणि तिथे कोणीही घड्याळ लावून बसत नाही.

तरी मी कागद-पेन्सिल घेऊन बसले. पोटभर जाडीची, अठ्ठ्याहत्तर हजार शब्दांची एक कादंबरी घेतली, तर प्राध्यापकांच्या हिशेबाने ती बरोबर पाच तासांत हातावेगळी होते. तेवढ्याच शब्दांचं भौतिकशास्त्राचं पुस्तक घेतलं, तर पाच तास अठ्ठावीस मिनिटं. म्हणजे संध्याकाळी सहाच्या ठोक्याला दोघी बहिणी वाचायला बसल्या, एकीच्या हातात रहस्यकथा आणि दुसरीच्या हातात सापेक्षतावाद, तर रात्री अकराला पहिलीला खुनी सापडेल आणि साडेअकराच्या आत दुसरीला अवकाश आणि काळ ही एकाच वस्त्राची आडवी-उभी सुतं असल्याचं उमगलेलं असेल. मध्ये जेवणाची सुट्टी धरलेली नाही, पण ती दोघींना सारखीच.

माझ्या कपाटात सापेक्षतावादावरचं एक पुस्तक आहे. त्यात खूण म्हणून घातलेली लग्नपत्रिका ज्या जोडप्याची, त्यांची मुलगी आता बारावीला आहे. पत्रिका अजून पुस्तकाच्या पहिल्या तृतीयांशातच आहे. तेव्हा प्रश्न असा, की ती अठ्ठावीस मिनिटं फुगत फुगत एवढी कशी झाली? मधला सगळा काळ गेला कुठे? प्राध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांचं मोजमाप चोख आहे आणि त्यांनी दिलेलं कारणही पटण्यासारखं आहे. माहितीच्या मजकुरातले शब्द लांब असतात, म्हणून डोळ्याला वेळ लागतो. कथेतली माणसं येतात, बसतात, उठतात, रडतात, सगळं आखूड. मराठीत ‘ती आली, बसली, रडली’ एवढ्यात एक अख्खा संसार मोडतो, आणि तेवढ्याच जागेत शास्त्राच्या पुस्तकात फक्त ‘प्रकाशसंश्लेषण’ मावतं, तेही पानाच्या कडेला येऊन तुटतं.

डोळ्याची गोष्ट निघालीच आहे, तर ती मोठी गमतीची आहे. आपल्याला वाटतं, नजर ओळीवरून पाण्यासारखी वाहत जाते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पॅरिसमध्ये एमिल जावाल या नेत्रतज्ज्ञाच्या प्रयोगशाळेत असं दिसून आलं, की ती वाहत नाही, उड्या मारते. एका जागी साधारण पाव सेकंद थांबते, पुढच्या शब्दावर झेप घेते, पुन्हा थांबते. झेप घेताना तिला काही दिसत नाही. जे काही वाचून होतं ते थांबलेल्या क्षणांत. पुढे अमेरिकेत एडमंड ह्यूई यांनी या उड्या टिपण्यासाठी वाचणाऱ्याच्या बधिर केलेल्या डोळ्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसची इवलीशी वाटी बसवली, तिला ॲल्युमिनियमचा हलका काटा जोडला आणि काजळी धरलेल्या फिरत्या नळकांड्यावर त्या काट्याने नजरेची वाट उमटवली. १९०८ साली त्यांनी वाचनावर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्यामागे असे काही डोळे आहेत. इतका छळ सोसून त्या वाचणाऱ्यांना समोरचा मजकूर आवडला की नाही, हे मात्र काजळीवर उमटलं नाही.

कीथ रेनर आणि अलेक्झांडर पोलात्सेक यांच्या १९८९ सालच्या वाचन-मानसशास्त्राच्या ग्रंथात एक लहानसं कोष्टक आहे. मला ते एखाद्या जुन्या पंचांगासारखं पुन्हा पुन्हा उघडून बघावंसं वाटतं. महाविद्यालयीन वयाच्या मोजक्या वाचकांना निरनिराळ्या विषयांचा मजकूर दिला होता. हलकीफुलकी गोष्ट त्यांनी मिनिटाला ३६५ शब्दांनी वाचली आणि जीवशास्त्र २३३ शब्दांनी. इथे अंतर अंमळ मोठं आहे, पण माझी नजर अडकली ती शेजारच्या रकान्यात. गोष्ट वाचताना नजरेच्या शंभर उड्यांपैकी फक्त तीन मागच्या दिशेला होत्या. जीवशास्त्र वाचताना अठरा. शास्त्र वाचणारा डोळा असा सारखा परतून जातो. वारीत पावल्या खेळणाऱ्यांना पाहिलं आहे ना? टाळांच्या ठेक्यावर दोन पावलं पुढे, एक मागे, आणि तरी ते मागे टाकलेलं पाऊलही पंढरपूरलाच चाललेलं असतं. पेशीभित्तिका ओलांडून गेलेला वाचक तिच्याकडे वळून येतो, ती तिथेच आहे ना हे बघतो आणि पुन्हा निघतो. गोष्टीत कोणी असा परत येत नाही. नायिका जिन्यावरून पडली असेल, तर ती जिन्यावर किती पायऱ्या चढली होती हे मोजायला मागे जाणारा वाचक माझ्या तरी पाहण्यात नाही. असलाच, तर तो पोलीस खात्यात असावा.

गोष्टीच्या वेगाची माझी पहिली गुरू माझी आत्या. आमच्या गावात बाजारपेठेच्या तोंडाशी एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती, एका खणाची, आत शिरलं की वाकावं लागे अशी. पुस्तकाचं भाडं रोजावर. त्यामुळे तिथल्या पुस्तकांवर वाचकांपेक्षा तारखांचाच धाक जास्त. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. तो आकडा ऐकून लोक थक्क होतात, पण आमच्या आत्याला त्यात काही विशेष वाटत नसे. कोणी लिहायचं आणि कोणी वाचायचं असा तो सरळ व्यवहार होता, आणि तिची बाजू ती नेकीने सांभाळत होती. सकाळी आणलेला ‘झुंजार’ दुपारी धुणं वाळत घालताना अर्ध्यावर असे आणि दिवेलागणीला ती पायांत चपला सरकवून तो परत करायला निघालेली असे; शेवटची चार पानं रस्त्यात. बैलगाडीवाले तिला ओळखून वळसा घालत.

पण आत्याचा वेग खरा कळायचा तो तिच्या एका सवयीमुळे. जी कादंबरी फार आवडेलसं वाटे, तिचं शेवटचं पान ती आधी वाची. आम्ही मुलं चिडायचो. ती शांतपणे म्हणे, “कोण जगलं, कोण मेलं ते एकदा कळू दे गं बाई. मग जीवाला घोर नाही. मग कसं निवांत वाचता येतं.” आणि खरोखरच त्या पुस्तकाला ती पुढे चार-चार दिवस लावी, जादा भाडं भरी, एकेका परिच्छेदावर थांबून स्वतःशी हसे. मला आता वाटतं, सगळ्या वाचकांमध्ये ती एकटीच शहाणी होती. आपल्याला जे आवडतं त्यातून आपण धावत सुटतो, आणि जे नकोसं वाटतं त्याच्यापाशी तासन् तास बसून राहतो, हा उफराटा कारभार तिने एका पानाची किंमत देऊन मोडून टाकला होता. ‘पुढे काय’ या चाबकाची दोरी तिने आधीच कापून ठेवलेली असे.

तिचे थोरले बंधू, म्हणजे माझे वडील, हायस्कुलात शास्त्र शिकवत. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णांचं वाचन दुसऱ्या टोकाचं. शनिवारी दुपारची शाळा सुटली की ते आरामखुर्चीत बसत, मांडीवर भौतिकशास्त्राचं एखादं पुस्तक, कानावर पेन्सिल. पहिली दहा मिनिटं वाचनासारखं काहीतरी होई. मग पुस्तक हळूच छातीवर पालथं पडे आणि अण्णांची नजर आढ्याला लागे. स्वयंपाकघरातून आई डोकावून विचारी, “अहो, झोपलात का?”

“वाचतोय.”

“पुस्तक तर पालथं आहे.”

“म्हणून तर वाचता येतंय.”

हे उत्तर आईला वर्षानुवर्षं थट्टा वाटत आलं. मलाही वाटायचं. गेन्टच्या प्राध्यापकांच्या आकड्याने मात्र माझ्या डोक्यात एकदम उजेड पाडला. मोजणारं यंत्र नजर ओळीवर असेतोवर मोजतं. आढ्यावर गेलेली नजर त्याच्या हिशेबात नाही. शास्त्राचं पुस्तक आपण ओळीवर जेमतेम बावीस शब्दांनीच मंद वाचत असू. उरलेला सगळा काळ ते छातीवर पालथं पडलेलं असतं, आणि खरं वाचन त्या वेळात, आढ्याच्या वाशावाशांतून, कोळिष्टकांच्या सोबतीने चाललेलं असतं. माझ्या कपाटातल्या त्या लग्नपत्रिकेचाही काळ असाच वाचनाकडे जमा धरावा की काय, असा एक मोह मला होतो. पण तसं म्हणणं फार झालं. कपाटाला छाती नसते.

शास्त्र लिहिणाऱ्यांनाही हे ठाऊक असतं आणि ते त्याचा थोडा गैरफायदा घेतात, असा मला संशय आहे. फ्रान्सचा थोर गणिती लाप्लास याने ग्रहांच्या गतीवर मोठा ग्रंथ लिहिला. अमेरिकेतल्या सेलम गावच्या नॅथॅनिअल बाउडिचने, जो शाळेपेक्षा जहाजावरच जास्त शिकला होता, त्याचे चार जाड खंड इंग्रजीत आणले. त्याने सांगून ठेवलं आहे, की लाप्लासने जिथे जिथे ‘यावरून उघडच आहे’ असं लिहिलं, तिथे तिथे आपल्या पोटात गोळा येई; कारण ते उघड का आहे हे शोधण्यात आता कित्येक तास, कदाचित दिवस जाणार हे कळून चुकलेलं असे. वाचनाच्या वेगाच्या कोणत्याही कोष्टकात बाउडिचची ती रात्र कशी बसवणार? एक ओळ, सातआठ शब्द, आणि मध्ये समुद्रावरच्या माणसाचा कितीतरी तेल जाळणारा दिवा. तीच तऱ्हा रसेल आणि व्हाइटहेड यांच्या ‘प्रिन्सिपिया मॅथेमॅटिका’ची. १९१० सालच्या त्याच्या पहिल्या खंडात ३७९व्या पानावर वाचकाला असा दिलासा मिळतो, की बेरजेची व्याख्या एकदा झाली, म्हणजे यावरून एक आणि एक दोन होतात हे सिद्ध होईल. होईल! अजून झालेलं नाही. एवढ्या पानांत आपल्याकडच्या कौटुंबिक कादंबरीत तीन पिढ्या जन्मून वाटण्या होऊन कोर्टातून परत आलेल्या असतात.

शास्त्राने कादंबरीला वेगात मागे टाकावं अशी एक रात्र मात्र असते. परीक्षेच्या आदली. वर्षभर ज्या पुस्तकाला वाळवीनेसुद्धा हात लावलेला नसतो, त्याची पानं त्या रात्री वाऱ्याने उलटावीत तशी उलटतात. प्रकाशाचं अपवर्तन सव्वाअकराला, ओहमचा नियम साडेअकराला, आणि पहाटे कावळे ओरडायच्या आत मानवी पचनसंस्था तोंडापासून शेवटापर्यंत पार. जावालच्या प्रयोगशाळेत ही नजर नेली असती, तर तिने उड्या नव्हे, उड्डाण केलेलं दिसलं असतं. अण्णांना या वाचनाचा मनस्वी तिटकारा होता, पण ते बोलत नसत. फक्त रात्री बाराला मुकाट्याने चहा करून आणून ठेवत आणि कप ठेवता ठेवता उघड्या पानावरच्या एखाद्या आकृतीकडे क्षणभर पाहत, ओळखीचं माणूस परक्या गावात भेटावं तसे.

वेगाचं हे वेड अमेरिकेत तर शिकवणीला लागलं. एव्हलिन वुड या बाईंनी १९५९ मध्ये वॉशिंग्टनमध्ये शीघ्रवाचनाचे वर्ग सुरू केले. पानावरून हात फिरवायचा आणि त्याच्यामागे नजर सोडायची. पुढे राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनीही हे धडे घेतले. रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ साली सगळा पुरावा तपासून सांगितलं, की वेग असा दुप्पट-तिप्पट केला तर समज तेवढी मागे राहते. फुकट काही मिळत नाही. पण माझं मन त्या वादापेक्षा ॲन जोन्स या ब्रिटिश बाईंपाशी थांबतं. शीघ्रवाचनाच्या स्पर्धा जिंकलेल्या या बाईंनी २००७ साली हॅरी पॉटरचा शेवटचा भाग बाजारात आला, तेव्हा तो सत्तेचाळीस मिनिटांत संपवला. त्याच्या आधीचा भाग येऊन दोन वर्षं झाली होती. जगभरची मुलं दोन वर्षं झुरत होती, रात्र रात्र दुकानांबाहेर रांगा लावून उभी होती, आणि या बाई कुकरच्या दोन शिट्ट्या होईतो गोष्टीच्या पलीकडच्या दारातून बाहेर. मला त्यांचं कौतुक वाटतंच. पण अठ्ठेचाळिसाव्या मिनिटाला त्यांनी काय केलं असेल, याचं कुतूहल जास्त वाटतं.

कथा म्हणजे वेग आणि शास्त्र म्हणजे मंदगती, असं सरसकट म्हणायची सोयही नाही. जी. ए. कुलकर्णींची कथा घेऊन कोणी धावून दाखवावं. तिथे दुसऱ्याच पानावर चढण लागते आणि दम धरायला थांबावं तर आसपास सावली नसते. आणि उलट, शास्त्राने गोष्टीचा अंगरखा घालून मिनिटाला २६०च्या चालीने निघाल्याचंही उदाहरण आपल्याकडे आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत नारायण विनायक जगताप या अनोळखी लेखकाच्या ‘कृष्णविवर’ कथेने बक्षीस मिळवलं. हे जगताप म्हणजे जयंत विष्णू नारळीकर. स्वतःची आद्याक्षरं त्यांनी उलटी फिरवली होती. वाचक माणसांच्या मागे मागे पळत निघावा आणि वाटेत कृष्णविवर यावं, ही युक्ती मला फार आवडते. दुरून पाहणाऱ्याला कृष्णविवराजवळचा काळ मंदावलेला दिसतो, हे भौतिकशास्त्रच सांगतं. वाचकाचं घड्याळही नेमकं तिथेच रेंगाळतं, आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला दुरून एवढंच दिसतं, की ही बाई केव्हाची एकाच पानावर आहे.

या खेळात नारळीकरांच्याही पुष्कळ आधी एक जण होऊन गेला. भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ ११५० साली पुरा केला. त्यातला अंकगणिताचा भाग ‘लीलावती’. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटणला आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला आणि तसा शिलालेख कोरवून ठेवला. त्या मठात गणित वाचायला बसलेल्या मुलांचा वेग काय असेल, हे मनाशी रंगवायला मला आवडतं. कारण ‘लीलावती’तलं एखादं उदाहरण म्हणायला श्लोकाचा वेळ लागतो, म्हणजे एक श्वास. भुंग्यांचा एक थवा आहे. त्याचा पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलांवर, त्या दोहोंतल्या फरकाच्या तिप्पट कुड्याच्या फुलांवर, आणि उरलेला एक भुंगा केतकी आणि मालती या दोघींच्या सुगंधाने एकाच वेळी बोलावल्यामुळे आकाशात इकडून तिकडे नुसता हिंदकळतो आहे. तर भुंगे किती?

अण्णांनी हे उदाहरण एका पावसाळी संध्याकाळी, दिवे गेलेले असताना, आम्हां मुलांना घातलं होतं. कंदिलाच्या उजेडात आम्ही पाटीवर पाचवा आणि तिसरा हिस्सा काढायच्या मागे लागलो. आत्या वाती वळत बसली होती. तिला गणिताचं काही सोयरसुतक नव्हतं. आमचं ‘पंधरा, पंधरा’ असं ओरडून झालं, अण्णांनी शाबासकी दिली, आणि सगळं शांत झाल्यावर तिने विचारलं, “आणि अण्णा, त्या एकट्याचं पुढे काय झालं?”

“कोणाचं?”

“भुंग्याचं. दोघींनी बोलावलेला तो. कोणाकडे गेला शेवटी?”

अण्णा हसतील असं मला वाटलं होतं. ते हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला आणि बराच वेळ वर पाहत राहिले. कंदिलाचा उजेड आढ्यापर्यंत पोचतही नव्हता. मग म्हणाले, “भास्कराचार्यांनी ते दिलेलं नाही गं.” आत्या म्हणाली, “मग शेवटचं पान बघायचं ना.” हजारावर रहस्यकथा पचवलेली बाई ती, शेवट न सांगता लेखक पसार होतो, हे तिला पटणंच शक्य नव्हतं. पुढे अण्णांनी कुठूनसं ‘लीलावती’चं सटीक पुस्तक मिळवलं, आणि मला माहीत आहे, की ते शेवटपर्यंत वाचण्यामागे निम्मं कारण गणिताचं असलं तरी निम्मं बहिणीला उत्तर द्यायचं होतं. उत्तर अर्थात नव्हतं. पण त्या पुस्तकात त्या पानावर अण्णांच्या पेन्सिलीने १५च्या आकड्यापुढे एक बारीकसं प्रश्नचिन्ह काढलेलं आहे. ते पाहिलं, तर शास्त्र शिकवणाऱ्या माणसाला एवढी साधी बेरीज जमली नाही असंच कोणीही म्हणेल.

शास्त्र आणि गोष्ट या दोन्ही चालींनी मनापासून वाचणाऱ्या माणसांत मला चार्ल्स डार्विन सगळ्यांत जवळचे वाटतात. त्यांचे चिरंजीव फ्रान्सिस यांनी वडिलांच्या दिनक्रमाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. केंट परगण्यातल्या डाउन गावच्या घरी दुपारी तीनच्या सुमाराला डार्विन वरच्या खोलीत सोफ्यावर आडवे होत, एक सिगारेट शिलगावत आणि कादंबरी ऐकत. वाचायचं काम पत्नीचं, एमाबाईंचं. कादंबऱ्यांवर त्यांचं इतकं प्रेम, की दुःखी शेवटाविरुद्ध कायदाच करायला हवा असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे. आता गंमत पाहा. गेन्टच्या प्राध्यापकांनी मोठ्याने वाचण्याचाही सरासरी वेग काढला आहे, आणि तो पडतो मिनिटाला १८३ शब्द. म्हणजे डार्विनांच्या घरी कादंबरी शास्त्रापेक्षाही हळू चालत असणार. आणि तीही नेहमी पोचत नसे, कारण ऐकता ऐकता त्यांना झोप लागे. एमाबाई मात्र थांबत नसत. आवाज थांबला तर ते जागे होतील, म्हणून त्या एका लयीत पुढे वाचत राहत. जाग आल्यावर मधला भाग हुकल्याची डार्विनांना चुटपुट लागे. निजलेल्या नवऱ्याला वाचून दाखवलेली ती पानं कोणाच्या नावे मांडायची, याचा निवाडा मला तरी करता येत नाही. आत्या असती तर म्हणाली असती, एमाबाईंच्या.

शास्त्राच्या पुस्तकांशी डार्विनांचं वागणं मात्र अगदी वेगळं. ती ते हातात पेन्सिल घेऊन, खुणा करत, शेवटच्या कोऱ्या पानावर टिपणं काढत वाचत. पुस्तक म्हणजे अवजार, त्याचं कौतुक ते काय करायचं. जड झालं की सरळ मधोमध कापून त्याचे दोन तुकडे करत, हातात धरायला बरं म्हणून. भूगर्भशास्त्रज्ञ लायेल यांना त्यांचंच एक पुस्तक असं कापावं लागल्याचं त्यांनी एकदा सांगितलं, आणि लायेलसाहेबांनी त्या पुस्तकाची पुढची आवृत्ती निमूटपणे दोन खंडांत काढली. डार्विन हे मोठ्या फुशारकीने सांगत. जर्मन शास्त्रग्रंथांपुढे मात्र ही फुशारकी चालत नसे. ती भाषा ते शब्दकोश घेऊन अक्षरशः ठोकून ठोकून शिकले होते. एकच वाक्य पुन्हा पुन्हा, अनेकदा वाचायचं, मग केव्हातरी त्याचा अर्थ आपला आपण येऊन उभा राहायचा. ही भाषा शिकायला घेतली तेव्हा त्यांनी आपले मित्र, वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ हूकर यांना जरा ऐटीतच कळवलं, की आपण जर्मन सुरू केली आहे. हूकर म्हणाले, त्यात काय विशेष, मी तर ती कितीतरी वेळा सुरू केली आहे.